उघडल्याशिवाय सही नको

आपल्या सायकल क्लबच्या तपासणी-वहीत ‘फोर्क’ नावाचा एक रकाना आहे. त्यात ‘ठीक’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक शब्द लिहायचा आणि पुढे सही करायची. गेल्या वर्षभराची पानं मी मुद्दाम चाळली. त्या रकान्यात एकदाही ‘नाही’ आलेलं नाही. निम्म्याहून अधिक सह्या माझ्या आहेत. आज मला त्या सह्यांबद्दल लिहायचं आहे आणि शेवटी एक मागणीही करायची आहे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी क्लबच्या फेरीत आठवीतला एक कॅडेट उतारावर पडला. उतार फार मोठा नव्हता. पावसाने उघडे पडलेले दगड होते, पुढे वळण होतं. त्याने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक घसरलं. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर राहिलं आणि त्याची बॉक्सिंगची स्पर्धा हुकली. सगळ्यांनी एकच निदान केलं, ‘पुढचा ब्रेक जोरात दाबलास.’ मीही तेच म्हणालो. त्यानेही ते मान्य केलं आणि क्लबमधून नाव काढून घेतलं.

त्या सकाळी त्याच्या सायकलपुढे ‘ठीक’ लिहिणारा मी होतो. तपासलं काय होतं? फोर्कच्या नळ्या फडक्याने पुसल्या होत्या. त्या चकाकत होत्या, म्हणून ठीक.

तेव्हा मला यात काही खटकलं नाही. खटकलं ते दिवाळीच्या सुट्टीत, झाशीला.

माझे बाबा ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये हवालदार आहेत. सध्या त्यांचं पोस्टिंग झाशीला आहे. झाशी म्हटलं की आपल्याला राणी लक्ष्मीबाई आठवते. मीही पहिल्या सुट्टीत किल्ला आणि तिथली ‘कडक बिजली’ तोफ पाहून आलो होतो. या वेळची सुट्टी मात्र सदर बाजारात गेली. साताऱ्यात आहे तसाच हाही छावणीला लागून वसलेला बाजार. वर्दी शिवणारे, काळ्या ट्रंका विकणारे, नेमप्लेट करून देणारे. छावणीत कोणाची बदली झाली की सामान विकायला निघतं. शेजारच्या अंकलची बदली झाली आणि त्यांच्या मुलाची माउंटन बाइक बाबांनी माझ्यासाठी घेतली. तीन वर्षं वापरलेली, पण दिसायला नवीकोरी.

पहिल्याच दिवशी मी हँडलवर हात टेकून पुढचा भाग दाबून पाहिला. आधी काहीच हललं नाही. अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा फोर्क झटक्याने खाली गेला आणि तसाच अडखळत वर आला. माझ्या हाताला ते ओळखीचं वाटलं. सप्टेंबरातली ती सायकल मी पुसली तेव्हा तिचाही फोर्क असाच दबला होता. मी त्याला ‘जरा कडक आहे’ म्हटलं होतं आणि पुढच्या सायकलकडे वळलो होतो.

सायकल घेऊन सदर बाजारातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी एकदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, ‘भैया, शॉकर का काम यहाँ नहीं होता. चलने दो, या नया डलवा लो.’ चांगला माणूस होता. जे काम येत नाही ते येत नाही असं सरळ सांगितलं. माझ्या सहीपेक्षा हे उत्तर किती प्रामाणिक होतं, हे मला नंतर जाणवलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘उघडून पाहिलंस?’ मी म्हणालो, ‘मला येत नाही.’ ते म्हणाले, ‘मग बिघडलंय हे कशावरून सांगतोस? आणि बिघडलेलं नाही हे तरी कशावरून सांगशील?’ दुसरा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. त्यांना सप्टेंबरातलं काही ठाऊक नव्हतं.

ज्यांनी फोर्क कधी उघडला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फोर्कच्या दोन वरच्या नळ्या गुळगुळीत असतात. त्या खालच्या दोन पोकळ पायांत सरकतात. माझ्या सायकलीत एका पायात दाबलेली हवा आहे, ती स्प्रिंगचं काम करते. दुसऱ्या पायात डॅम्पर आहे. तो तेलाच्या साहाय्याने वरखाली होण्याचा वेग आवरतो. जिथे नळी पायात शिरते तिथे धूळ अडवणारं रबरी सील असतं आणि त्याखाली तेलात भिजलेली फोमची रिंग. खालच्या पायांत नळ्या सरकाव्यात म्हणून थोडंसं तेल असतं, माझ्या फोर्कमध्ये प्रत्येक पायात जेमतेम चमचाभर. धूळ सील ओलांडून आत गेली की फोममध्ये साचते, तेलात मिसळते आणि तिची खळ होते. मग वंगणच पॉलिश पेपरसारखं घासू लागतं. नळीवरचा थर एकदा घासून गेला की तो घरी परत चढवता येत नाही. नळीच बदलावी लागते.

आता ब्रेकचं. फोर्क मोकळा असेल तर चाक दगडावर चढतं आणि लगेच खाली येऊन जमिनीला चिकटून राहतं. फोर्क अडकत असेल तर चाक दगडावरून उडतं. ब्रेक चाकाला लागतो, पण चाक जमिनीला लागलेलं असेल तरच सायकल थांबते. चाक हवेत असताना दाबलेला ब्रेक फक्त चाक जाम करतो. ते जाम चाक वळणावर खाली टेकलं की घसरतं. हे वाचत असताना मी पुस्तिका खाली ठेवली. आठवीतल्या त्या मुलाने ब्रेक चुकीचा दाबलाही असेल. पण आम्ही त्याच्या हाताची चौकशी केली, फोर्कची केलीच नाही.

रॉकशॉक्स कंपनी आपल्या फोर्कच्या खालच्या पायांची सफाई दर 50 तास चालवल्यानंतर करायला सांगते. आपला क्लब रविवारी साधारण 3 तास सायकल चालवतो. म्हणजे 17 रविवारांत 50 तास भरतात. आपल्या क्लबच्या सायकली किती रविवार चालल्या आणि किती वेळा उघडल्या, हे मी लिहीत नाही. वही सगळ्यांना पाहायला खुली आहे.

फोर्कच्या कंपनीची पुस्तिका डाउनलोड केली आणि सील, फोम रिंग, वॉशर यांचा संच मागवला. त्याच पुस्तिकेत सांगितलेलं तेल आणि ग्रीस घेतलं. बाजारात डबाभर ग्रीस स्वस्तात मिळत होतं, पण प्रत्येक ग्रीस रबराला मानवत नाही. पुसायला मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेल मोजायला 10 मिलिलिटरची सिरिंज. रबरी हातोडा क्वार्टरमध्ये फरशी बसवायला आलेल्या मिस्त्रींकडून तासाभरासाठी मागून घेतला. आईने व्हरांड्यात जुने पेपर अंथरले आणि बजावलं, ‘फरशीवर डाग पडला तर तूच घासायचा.’

मी पुढचं चाक काढलं आणि पाना फोर्कच्या तळाच्या बोल्टला लावला. बाबा मागे खुर्चीवर बसून चहा पीत होते. म्हणाले, ‘थांब. रायफल खोलताना पहिलं काम कोणतं?’ रायफल खाली आहे का ते पाहणं, मी म्हणालो. ‘मग याच्यात काय भरलंय?’ हवा! वरच्या टोपणाखाली व्हॉल्व्ह असतो. आतल्या दाबाचा आकडा लिहून ठेवून सगळी हवा आधी सोडायची असते. हवा भरलेली असताना फोर्क खोलणं धोक्याचं आहे, हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. वाचणं वेगळं आणि पाना हातात असताना आठवणं वेगळं.

हवा सोडली. तळाचे दोन बोल्ट तीन-चार फेरे सैल केले, त्यांच्यावर रबरी हातोड्याने हलकेच ठोकून आतले दांडे मोकळे केले, मग बोल्ट पूर्ण काढले आणि खालचे पाय ओढले. ते सहज निघाले. खाली ठेवलेल्या थाळीत तेल पडेल म्हणून वाट पाहिली. डाव्या पायातून काळ्या चिखलाचे दोन-तीन थेंब आले. उजव्यातून काहीच नाही. फोमच्या रिंगा बाहेर काढल्या तर बुंदेलखंडाची माती बोटांना लागली, कोरडी, खरखरीत. बाहेरून फोर्क आरशासारखा होता. मी तो आदल्या दिवशीच पुसला होता.

पुढचं काम अवघड नाही, शिस्तीचं आहे. सैन्यात हत्यार खोलण्याचा नियम इथे तंतोतंत चालतो. भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडायचे आणि उलट्या क्रमाने जोडायचे. काठीला लिंट न सोडणारं फडकं गुंडाळून खालचे पाय आतून पुसले. रायफलच्या बॅरलमधून पुल-थ्रूने चिंदी ओढतो तसंच, चिंदी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. नवी सीलं बसवली, त्यांना आतून ग्रीस लावलं. नव्या फोम रिंगा तेलात भिजवल्या. पाय नळ्यांवर अर्धे सरकवले, तळाच्या भोकांतून सिरिंजने मोजून तेल घातलं, मग पूर्ण बसवून नव्या वॉशरसह बोल्ट आवळले. दुपारी चारला काम संपलं. हवा भरली, हँडल दाबलं. फोर्क लोण्यासारखा खाली गेला. आई बाहेर येऊन म्हणाली, ‘जमलं की रे!’

आणि पेपर गोळा करताना त्याखाली एक फोम रिंग सापडली. जुनी नव्हे, नवी. तेलात भिजवलेली. पेपरावर तिचा गोल डाग पडला होता.

ती मुठीत धरून मी थोडा वेळ उभा राहिलो. फोर्क उत्तम चालत होता. एका बाजूला फोम नाही हे कोणाला कळणार होतं? बाहेरून दिसणार नव्हतं. काही महिने तर जाणवणारही नव्हतं. पुन्हा खोलायचं तर मोजून घातलेलं तेल जाणार होतं. वॉशर एकदा आवळले की दबतात, त्यांची दुसरी जोडी नव्हती. पाच दिवसांनी माझी परतीची गाडी होती. सप्टेंबरात ‘ठीक’ लिहिताना मी इतकाही विचार केला नव्हता. या वेळी केला आणि तो करताना मला स्वतःची लाज वाटली.

रिंग बाबांच्या पुढे ठेवली. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘आमच्याकडे ड्रायव्हरला फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड असते. गाडी निघण्याआधी, वाटेत थांबल्यावर, परत आल्यावर. तीन वेळा तेच पाहायचं. नवीन पोरं विचारतात, सकाळी पाहिलं तेच संध्याकाळी कशाला? कारण सकाळी माणूस चुकलेला असू शकतो.’ त्या रात्री मी त्यांना सप्टेंबरातली सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, ‘त्या पोराला सांगितलंस?’

वॉशर यायला तीन दिवस लागले. तोवर सायकल भिंतीला टेकून होती. चौथ्या दिवशी पुन्हा सगळं खोललं, राहिलेली रिंग बसवली, तेल मोजून घातलं आणि ओरछाच्या रस्त्याला थोडं अंतर जाऊन आलो. सुट्टीतली एवढीच एक फेरी झाली. नळीवर बांधलेला दोरा 20 मिलिमीटर सरकला होता. 100 मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कवर मी नुसता बसलो तर तेवढाच दबायला हवा होता.

आता माझं मत मांडतो. आपण सैनिकी शाळेत शिकतो. बूट, बकल, टोपीचा बॅज हे सगळं आपण चकचकीत ठेवतो आणि ते ठेवलंच पाहिजे. पण चकाकी आणि देखभाल यांत आपली गल्लत होऊ लागली आहे. जे तपासणीत दिसतं ते आपण साफ करतो. जे दिसत नाही, ते कोणीतरी करत असेल असं धरून चालतो. बकलावर डाग राहिला तर फार तर ओरडा बसतो. फोर्कमध्ये, ब्रेकच्या तारेत, गिर्यारोहणाच्या दोरात दोष राहिला तर दुसऱ्याचं हाड मोडतं.

माउंटन बाइकचा खेळ मुळात देखभालीतूनच वाढला आहे. कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून उतरायचे. त्यांच्या 1976 साली सुरू झालेल्या शर्यतीचं नाव होतं ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. खाली पोहोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरल्याशिवाय सायकल पुढे चालवता येत नसे. शर्यतीला नाव मिळालं ते जिंकणाऱ्याचं नव्हे, डोंगराचंही नव्हे; उतरल्यावर कराव्या लागणाऱ्या कामाचं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 15 ऑक्टोबर 1943 रोजी स्थापन झालेल्या ईएमईचं बोधवाक्य पाहा : ‘कर्म ही धर्म’. रणगाडा चालवणाऱ्याचं नाव होतं, पण तो चालतो तो कोणीतरी आतून पाहिलेला असतो म्हणून.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला, अभ्यासातून वेळ कुठे आहे? मला पहिल्यांदा एक अख्खा दिवस लागला, दुसऱ्यांदा दोन तास. वर्षातून तीनदा दोन तास आपण काढू शकतो. दुसरा आक्षेप पालकांचा असेल, मुलांनी अर्धवट ज्ञानावर खोलाखोली करावी का? हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याचं उत्तर मर्यादेत आहे. मी खालचे पाय उघडले. डॅम्पर उघडला नाही, हवेच्या कक्षाला हात लावला नाही. त्याला वेगळी हत्यारं आणि शिकलेला हात लागतो. बोल्ट किती आवळायचा तो आकडा पुस्तिकेतून घेतला, अंदाजाने नाही. कुठे थांबायचं हे कळणं हा देखभालीचाच भाग आहे. आणि पहिल्या वेळी शेजारी मोठं माणूस हवंच. बाबा नसते तर मी हवा न सोडताच बोल्ट काढला असता. तिसरा आक्षेप, मिस्त्री कशासाठी आहेत? मिस्त्री आहेतच. पण स्वतः एकदा उघडलेला माणूस त्यांना नेमकं काय होतंय ते सांगू शकतो. ‘जरा कडक आहे’ म्हणून सोडून देत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वहीतला ‘ठीक / नाही’ रकाना काढून टाकावा. त्याजागी तीन रकाने असावेत : काय उघडलं, आत काय दिसलं, कोणी जोडलं. ज्याने उघडलं त्यानेच सही करावी. नुसतं पुसलं असेल तर ‘पुसलं’ एवढंच लिहावं. तेही खोटं नाही. प्रत्येक सायकल किती तास चालली ते लिहावं. आणि क्लबमधल्या प्रत्येक कॅडेटने प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली निदान एकदा एक फोर्क आपल्या हाताने उघडावा. वर्कशॉपच्या व्हरांड्यात जागा आहे. रबरी हातोडा मी आणला आहे.

सुट्टीवरून परतल्यावर पहिल्या दिवशी मी क्लबच्या सरांकडे गेलो आणि सप्टेंबरातली सही मी न तपासता केली होती हे सांगितलं. त्यांनी मला वही लिहिण्याच्या कामावरून दोन महिने काढलं. ते योग्यच होतं. मग सरांसमोर आम्ही ती सायकल उघडली. दोन्ही पाय कोरडे होते. एका फोम रिंगचा हात लावताच चुरा झाला. यावरून त्या दिवशी नेमकं काय घडलं हे सिद्ध होत नाही. पण ‘ठीक’ हा शब्द खोटा होता, हे सिद्ध होतं.

त्या आठवीतल्या कॅडेटला मी मेसबाहेर गाठलं. माफी मागणं मला वाटलं त्यापेक्षा अवघड गेलं. त्याने सगळं ऐकून विचारलं, ‘म्हणजे ब्रेक माझा चुकला नव्हता?’ मी म्हणालो, ‘ते मला माहीत नाही. पण चूक तुझी एकट्याची आहे असं आम्ही म्हणालो, ते न पाहता म्हणालो.’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तो फोर्क जोडताना मला बोलवाल?’

गेल्या शनिवारी आम्ही तो जोडला. रिंगा त्याने भिजवल्या, तेल त्याने मोजलं. बोल्ट आवळण्याआधी त्याने मला थांबवलं आणि पेपर उचलून खाली काही राहिलं नाही ना, ते पाहिलं. वहीत सही त्याची आहे.